एकतीस सेंटिमीटर

दत्ताराम गवंड्याने जन्मात कधी स्वतःच्या डोक्यावर छत्री धरली नव्हती. पावसात इरलं आणि उन्हात पंचा, एवढ्यावर त्याची चौऱ्याहत्तर वर्षं निभावली होती. पण २००९च्या फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी तो सकाळपासून आपल्याच घरापुढच्या खळ्यात काळी छत्री उघडून उभा होता, आणि छत्रीखाली होतं त्याच्या लेकीचं यंत्र.

"तेका ऊन लागात," तो म्हणाला.

"बाबा, त्याला ऊन चालतं. तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही मध्ये आलात की तुमच्यामागची भिंत त्याला दिसत नाही."

"मी खंय मधे इलंय? मी आपलो वर छत्री धरून आसंय."

"छत्रीचा हात मध्ये येतो ना!"

दत्ताराम छत्रीसकट फणसाच्या बुंध्याआड गेला. यंत्र तिपाईवर सावकाश फिरत होतं आणि समोर जे येईल त्यावर लेझरचा किरण टाकून अंतर मोजत होतं. एका फेरीत लाखो अंतरं. संगणकावर ती सगळी ठिपके होऊन उमटत. रांगोळीचे असावेत तसे, फक्त इतके दाट, की जोडायला कुणी बसायची गरजच उरत नाही. भिंत, खांब, कौलं, दोरीवरचा टॉवेल, सगळं ठिपक्यांत उभं राहतं. फेरी संपली की प्रेमलता तिपाई उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेई आणि दत्ताराम छत्री घेऊन पाठोपाठ. दिवसभरात तिने त्याला अकरा वेळा बाजूला केलं. हा आकडा तिने तेव्हा मोजला नव्हता. नंतर मोजला. यंत्राच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.

प्रेमलता पुण्याच्या एका सर्वेक्षण कंपनीत इंजिनियर होती, आणि गावाला आली होती ती खाडीवर होणाऱ्या नव्या पुलासाठी. तिच्या कंपनीच्या साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं: 'माणसं खोटं बोलतात, वास्तव बोलत नाही.' प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते हे वाक्य म्हणत आणि मग यंत्राकडे बोट दाखवत. पुलाच्या बाबतीत मात्र वास्तवाने थोडा घोळ घातला होता. आदल्या वर्षी कंपनीने उपग्रहाचं छायाचित्र विकत घेऊन त्यावर पुलाची रेघ ओढली होती. छायाचित्र फार सुरेख होतं. गणपतीत घरी आली तेव्हा प्रेमलताने त्याची प्रत बापाला दाखवली. दत्तारामाने ती हातात धरली, लांब नेली, जवळ आणली आणि विचारलं, "ह्यो फोटो सुकतीचो मां?"

"म्हणजे?"

"सुकतीक पाणी भायर गेलेला आसताना काढलेलो. ह्या तुमी खांब दाखवलास, थंय भरतीक दोन पुरुस पाणी आसता. तुमचो उपग्रह भरतीक येणा नाय काय?"

प्रेमलताने ही हरकत सभ्य इंग्रजीत कचेरीला कळवली. उत्तर आलं, की छायाचित्राचा दर्जा उत्कृष्ट आहे. मग चार महिन्यांनी कंत्राटदाराची होडी नेमकी त्या 'जमिनीवर' तरंगताना दिसली, तेव्हा जमिनीवरून नव्याने मोजणी करायची असं ठरलं. म्हणजे शेवटचे आठ दिवस तिला बापाच्या घरी राहायला मिळालं, ते एका उपग्रहाला ओहोटी ठाऊक नव्हती म्हणून.

त्याच छायाचित्रात त्यांचं स्वतःचं घरही शोधून झालं होतं. ते दिसत नव्हतं. घराच्या जागी फणस दिसत होता. "बरा झाला," दत्ताराम म्हणाला होता.

शुक्रवारी पुलावर कसलंसं परवानगीचं पत्र आलं नव्हतं, म्हणून यंत्र मोकळं होतं, आणि ते घराच्या खळ्यात लागलं ते धाकट्या भावाच्या, सत्यवानाच्या सांगण्यावरून. सत्यवान मालवणच्या जेटीवरून पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेई. अलीकडे ती माणसं काचेचे चष्मे लावून समुद्राच्या तळाचे मासेही पाहू लागली होती. मासे पाहून झाले की ती विचारत, "रूम आहे का?" सत्यवानाला चार रूम बांधायच्या होत्या. कुडाळच्या आर्किटेक्टने सांगितलं होतं, जुन्या घराचा मोजून नकाशा आणा. घर मापात असेल तर ते ठेवून बाजूने बांधू. नसेल तर उगाच ठिगळं लावण्यात अर्थ नाही, सपाट करून नवा स्लॅब घालू.

"ताई, तू सांगशीत ता," सत्यवान जेवताना म्हणाला होता. "तू म्हणालंस ऱ्हवांदे, तर ऱ्हवांदे. पाड म्हणालंस, तर मी दुसरा कायएक बोलूचंय नाय. इंजिनेर तू आसस."

दत्ताराम तिथेच पानावर बसून सुंगटाचं कालवण ओरपत होता. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तीन खेपांत, सहा वर्षांत.  त्याने आणखी भात मागून घेतला.

या घराविषयी प्रेमलताचं मत जुनं होतं. वालावलपासून मालवणपर्यंत बापाने उभ्या केलेल्या भिंती होत्या, आणि 'दत्तारामाची भिंत बघून वळंबो सरळ करूचो' असं गवंडी आपसांत म्हणत. ओळंब्याने भिंत तपासतात. इथे भिंतीने ओळंबा तपासायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात तीन दरवाजे होते आणि तिन्हींची उंची वेगळी. तिचा नवरा दर सुटीत ओटीच्या दारावर डोकं आपटी, आणि सासऱ्याच्या कौशल्याविषयी पुण्याला पोचेपर्यंत गप्प राही. एका खोलीतला कोनाडा दुसऱ्या खोलीतल्या कोनाड्याएवढा नव्हता. खिडक्यांचं तेच. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी ती सुटीला आली तेव्हा तिने टेप लावून सगळं मोजलं होतं आणि बापाला सांगितलं होतं, "बाबा, हे घर चुकलंय."

"खंय?"

"सगळीकडे."

दत्ताराम तेव्हा इतका हसला होता, की त्याला ठसका लागला. तिने नंतर आठवणीने पाणी आणून दिलं, पण त्यात हसण्यासारखं काय होतं हे विचारलं नाही. शिंप्याचा सदरा उसवलेला असतो, तसंच हे, असं ती धरून चालली. कॉलेजात गेल्यापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणू लागली होती आणि मालवणी सोडून पुस्तकातलं बोलू लागली होती. "मी काय मामलेदार आसंय?" असं त्याने एकदा विचारलं होतं. एकदाच.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला ओटीवर लॅपटॉप उघडला गेला. सत्यवान, त्याची बायको किशोरी आणि दत्ताराम असे तिघे पाठीमागून वाकले. पडद्यावर घर फिरत होतं. प्रेमलताने छप्पर काढून टाकलं तसं आतलं सगळं वरून दिसू लागलं.

"आवशीक खाव!" दत्ताराम म्हणाला. "देवाक आमचा घर असा दिसता काय! हेच्यात मी खंय आसंय?"

"तुम्ही नाही आहात. तुम्हाला बाजूला केलं होतं ना."

"बरा केलंस. नायतर माझोच फोटो मोजीत बसला असता." मग तो थोडा पुढे सरकला आणि त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय सांगता तुझा मशीन? घर सरळ आसा?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी प्रेमलताने तेव्हा कुणाला सांगितली नाही. दुपारी तिने कोपरे तपासले होते. चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंती, तीस वर्षांच्या. तीन मीटर उंचीत कुठे दोन मिलिमीटर झुकाव, कुठे तीन. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे काटकोनात. खाडीवर कंत्राटदाराने लोखंडी साचे लावून ओतलेला नवा कोरा काँक्रिटचा खांब यापेक्षा वाकडा होता. तिला वाटलं, यंत्राचं काही बिघडलंय. तिने पुन्हा तपासलं. यंत्र ठीक होतं.

पण तिच्या डोक्यात तीन दरवाजे होते, नवऱ्याचं कपाळ होतं आणि दिवसभराची छत्री होती. शिवाय वीस वर्षांचं मत एका दुपारीत बदलायला माणसाला जरा उसंत लागते. ती म्हणाली, "नाही बाबा. एका खोलीचं माप दुसरीला जुळत नाही."

"जुळतला कसा?" दत्ताराम म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की जणू लेकीने परीक्षेत पहिला नंबर आणला. मग त्याची नजर कळफलकावरच्या तिच्या हातावर गेली. "केवढो झालो गो तुझो हात," तो म्हणाला.

"बाबा, मला काम करू द्या."

तो उठून आत गेला.

शनिवारी सकाळी आठला दत्ताराम विहिरीवर तोंड धुवायला गेला, परतताना फणसाखाली टेकला आणि पुन्हा उठला नाही. प्रेमलता तेव्हा पुलाच्या कामावर होती. पत्र आलं होतं. यंत्राची फेरी चालू होती आणि खिशात सत्यवानाचा फोन वाजत होता. फेरी पुरी व्हायला सहा मिनिटं होती. ती पुरी झाल्यावर तिने फोन उचलला.

पुढचे दिवस रिवाजाने काढले. रिवाजाचं हे बरं असतं, की त्याला माणसाचं मत लागत नाही. भेटायला येणारे म्हणत, "चालता-बोलता गेलो, कोणाक तरास नाय," आणि मग भिंतीवरून हात फिरवत. पुण्याहून साहेबांचं पत्र आलं. त्यात पहिल्या परिच्छेदात दुःख होतं आणि दुसऱ्यात उरलेल्या मोजणीची चौकशी. सत्यवानाने सगळे विधी केले. तो विधींत इतका बुडालेला होता, की त्याला रडायला फक्त होडीत मिळे.

दहाव्या दिवसासाठी प्रेमलताने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. तिने पुष्कळ वाचलं होतं, तिचा कावळ्यांवर विश्वास नव्हता. पण कावळा पिंडाला शिवला नाही तर घरची माणसं एकेक पुढे होऊन गेलेल्याला काय काय कबूल करतात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तसा प्रसंग आलाच, तर आपणही पुढे व्हायचं आणि ते वाक्य म्हणून टाकायचं, एवढं तिने ठरवलं होतं. तसा प्रसंग आला नाही. पिंड खाली टेकायचा अवकाश, कावळा आला आणि उचलून गेला. जणू पलीकडच्या फांदीवर ताटकळत होता. "बघलंस?" सत्यवानाचा जीव भांड्यात पडला. "बाबांची कसलीच इच्छा ऱ्हवाक नाय." सगळ्यांनी दत्तारामाच्या तृप्तपणाची वाखाणणी केली. प्रेमलता वाक्य तोंडात तसंच ठेवून घरी आली.

अकराव्या दिवशी आर्किटेक्टचा फोन. त्यालाही दुःख झालं होतं. नकाशा कधी मिळेल?

"ताई, तुका जमात तेवां," सत्यवान म्हणाला. "घाई नाय." मग थोड्या वेळाने, "पण मे महिन्याच्या आधी झाला तर बरा."

ती माजघरात लॅपटॉप घेऊन बसली. तिच्या मनाने निकाल कधीच दिलेला होता, मापं जुळत नाहीत, घर ठेवण्यात अर्थ नाही. आता फक्त तो रेघांनी काढायचा होता. तिने माजघरापासून सुरुवात केली. लांबी चार मीटर चौतीस. रुंदी तीन बाहत्तर. दाराची उंची एक शहाऐंशी. खिडकी त्र्याण्णव सेंटिमीटर उंच, बासष्ट रुंद. कोनाडा एकतीस बाय एकतीस.

कोनाड्यापाशी तिचा हात थांबला.

एकतीस. बासष्ट. त्र्याण्णव. शाळेत पाढे पाठ केलेल्या माणसाला असं काही दिसलं की गप्प बसवत नाही. तिने एकशे शहाऐंशीला एकतीसने भागलं. सहा. तीनशे बाहत्तर. बारा. चारशे चौतीस. चौदा. गिलाव्याचे दोन-चार मिलिमीटर सोडले तर बाकी कुठे उरतच नव्हती. या खोलीत चुकलेलं असं काहीही नव्हतं. सगळी खोली एकाच कुठल्याशा मापाच्या पटीत उभी होती, आणि ते माप एकतीस सेंटिमीटर होतं.

ओटीला मात्र एकतीसने भाग जाईना. तिने ओटीचा कोनाडा पाहिला. छत्तीस. दार एकशे ऐंशी, म्हणजे छत्तीसच्या पाच पट. लांबी पाच चाळीस, पंधरा पट. रुंदी तीन चोवीस, नऊ पट. मागची खोली चार मीटर बाय तीन साठ, दार बरोबर दोन मीटर. घरात हीच एक खोली तिला पसंत होती. शेवटी का होईना, बाबा मेट्रिक शिकले असं तिला वाटायचं. आता तिने तिथला कोनाडा पाहिला. चाळीस.

एकतीस, छत्तीस, चाळीस. गवंड्याची मापं कमी-जास्त होतात, पण अशी ओळीने वाढत नाहीत. बांधकामाच्या सामानात वाढणारं असं काय असतं? चिरा वाढत नाही. वासा वाढत नाही. सूत ओलं झालं तर आखडतं.

मग तिला कोयता आठवला. तिने डोळे मिटून घेतले.

माजघर बांधलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. ओटीला नऊ. मागच्या खोलीला बारा. दर खेपेला बाप तिला समोर बसवी, तिचं कोपर आपल्या गुडघ्यावर टेकवून घेई, हात लांब करायला लावी आणि हाताशेजारी बांबूची एक काठी धरी. "हलव नको गो." मधल्या बोटाच्या टोकाशी कोयत्याने खूण करी आणि काठी तेवढीच तोडी. ती श्वास रोखून कोयत्याकडे बघत राही. मग तिला मालवणी खाजा मिळे. इतर मुलांचे बाप भिंतीला उभं करून उंचीची रेघ ओढत. आपला बाप हात मोजतो, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला होता. बाराव्या वर्षानंतर मोजणं बंद झालं, तेव्हा तिला वाटलं, आपण मोठ्या झालो म्हणून.

संध्याकाळी हरिश्चंद्र आला. चाळीस वर्षं दत्ताराम सुताच्या एका टोकाला आणि हरिश्चंद्र दुसऱ्या टोकाला, असं दोघांनी आयुष्य काढलं होतं. तो खळ्यातल्या बाकावर बसला, किशोरीने चहा दिला. प्रेमलता त्याच्यासमोर जाऊन बसली.

"हरीकाका, हे घर कोणाच्या हाताच्या मापाचं आहे?"

हरिश्चंद्राने चहा बशीत ओतला. "कित्या? मशीनान सांगूक नाय?"

"अर्धं सांगितलं."

"मगे अर्धा मी सांगतंय. ज्याचा घर, तेचो हात. आमचो उस्ताद आरोंद्याचो, तेची शिस्त ती. लोखंडाचो गज लावूचो नाय. ज्या धन्याचा घर, तेच्या कोपरापासून बोटापर्यंत काठी तोडूची आणि सगळा घर त्या काठीन बांधूचा. मगे तां घर तेका आंगरख्यासारखा बसता. काम झाला की काठी आढ्याक बांधून ठेवची. खरा-खोटा देव जाणे. पण आमी शंभर घरा तशीच बांधली."

"आणि हे?"

"ह्या तुझ्या हाताचा. तेच्यावरसून केवढी गजाल झाली! वाडीवाले हसत. चेडवाच्या हातान कोण घर मापता? चेडू उद्या लोकाच्या घराक जातला. सत्यवान तेवां दोन वर्साचो. मी सांगलंय, दत्ताराम, झिलाचो हात घे, नायतर सरळ तुझो घे. तर माका म्हणता कसो, झिलाक घर मागल्याबिगर गावतला. चेडवाक खंय गावता? तिचा माप तरी ऱ्हवांदे." हरिश्चंद्राने बशी तोंडाला लावली. "मी म्हटलंय, बांध बाबा. तुझे चिरे, तुझी माती."

"मग दर वेळी नवी काठी कशाला?"

"हात वाढलो मां तुझो! सहा वर्साच्या हाताची ओटी बांधून नव वर्साच्या चेडवाक काय करूची?"

सत्यवान दारात उभा राहून ऐकत होता. "हरीकाकानु," तो म्हणाला, "आणि माझो हात खंय आसा?"

"तुझो? तुझो न्हाणीक."

"न्हाणीक!"

"आठ वर्साचो होतंस. मागची खोली झाली, न्हाणी ऱ्हवलेली. तू रडाक लागलंस, माझो पण हात घेवा म्हणान. मगे घेतलो."

सत्यवान मागे वळला आणि न्हाणीघर बघून आला. तीस वर्षं रोज वापरलेली न्हाणी तो पहिल्यांदा बघत असावा. "म्हणानच तेच्यात वाकूक जमणा नाय," तो म्हणाला, पण आवाज काही तक्रारीचा नव्हता.

प्रेमलताला एकच विचारायचं होतं. "मला का नाही सांगितलं त्यांनी? मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, घर चुकलंय म्हणून."

"तां तर तेना सगळ्या गावाक सांगल्यान! हरी, चेडू हुशार झाला, टेप लावल्यान आणि एका फटक्यात वळाखल्यान की मापा येगळी आसत. आता कित्या येगळी, ता पण वळाखतला. मी म्हटलंय, सांगून टाक की रे. तर नको म्हणता. सांगून काय मजा? तेचा तेका कळांदे." हरिश्चंद्राने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. "वीस वर्सा झाली आसतली. वाट बघी. दर गणपतीक माका सांगी, ह्या वर्सा काय इचारूक नाय हां."

माळ्यावर चढून सत्यवान कंदील आणि कोळिष्टकं यांच्यामधून तीन काठ्या घेऊन आला. आढ्याला सुंभाने बांधलेल्या, धुराने काळ्या झालेल्या. न्हाणीची काठी न्हाणीच्याच आढ्याला होती. प्रेमलताने टेप लावला. एकतीस. छत्तीस. चाळीस.

हरिश्चंद्राने वाकून टेप पाहिला, मग ओटीवरच्या यंत्राच्या पेटीकडे पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर आसा मगे तुझा मशीन," तो म्हणाला. यंत्राला त्याच्या कारकिर्दीत याहून मोठं प्रमाणपत्र मिळालं नसावं.

नकाशा तिने त्याच आठवड्यात कुडाळला पाठवला. निकाल त्यात रेघांनीच दिला होता. आर्किटेक्ट भला माणूस होता, पण त्याचा फोन आलाच. "मॅडम, तीन खोल्यांना तीन वेगळी एककं? हे कुठल्या कोडप्रमाणे?"

"गवंड्याच्या. कोपरे बघितलेत का?"

पलीकडे बराच वेळ कागदांचा आवाज. "यंत्र तपासून घेतलंत ना?"

"दोनदा," ती म्हणाली. "पाडायचं नाही. बाजूने बांधा."

सत्यवानाने शब्द पाळला, दुसरं काही बोलला नाही. फणसाच्या अंगाने चार रूम काढायच्या ठरल्या, संडास-बाथरूम आतच. चिऱ्याचं काम हरिश्चंद्र बघणार होता. म्हणजे बसून ओरडणार होता. पाया खणायच्या आदल्या दिवशी तो ओला बांबू आणि कोयता घेऊन आला. प्रेमलता दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होती. यंत्र बांधून गाडीत चढवलेलं होतं.

"हात दी गो," हरिश्चंद्र म्हणाला.

"आता कशाला? चाळीसची काठी आहे ना."

"ती बारा वर्साची. आता चार रूमी बांधूच्यो, नवो हात होयो."

"हरीकाकानु, पर्यटकांच्या रूमी आणि ताईचो हात?" सत्यवानाने विचारलं. "बाथरूमसकट?"

"मगे काय पर्यटकाचो घेतंस? तो दोन दिसांत जातलो. हात घेवन खंय धावतलंस तेच्यामागसून?"

सत्यवान हसला. आणि मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "दी गे ताई. माका इचारशीत तर माझो चालणा नाय. माझो न्हाणीक आसा."

ती ओटीच्या दारात, जिथे तिचा नवरा डोकं आपटे त्याच चौकटीखाली, खाली बसली. हरिश्चंद्राने तिचं कोपर आपल्या गुडघ्यावर टेकवून घेतलं. त्याचा गुडघा बापाच्या गुडघ्यापेक्षा हाडका होता. तिने हात लांब केला. शेजारी ओला हिरवा बांबू आला. एकोणचाळीस वर्षांच्या हातावर कीबोर्डने आणि स्वयंपाकाने केलेल्या खुणा होत्या, आणि बोटात अंगठी होती. "हलव नको गो," हरिश्चंद्र म्हणाला, आणि कोयता उचलला.

दहाव्या दिवशी जे वाक्य तिने तयार करून नेलं होतं ते पुस्तकातल्या भाषेत होतं आणि फार नीट जुळवलेलं होतं. ते आता आठवेना. समोर माजघराचा कोपरा होता. वरपासून खालपर्यंत, सुतात.

"होय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. हरिश्चंद्राचा कोयता वरच थांबला. सत्यवानाने मान वळवली. ती हात न हलवता कोपऱ्याकडे बघत राहिली. "तू इचारलंस मां माका? सरळ आसा. कोपरो न् कोपरो सरळ आसा. माका त्याच दिवशी दुपारी दिसलेला, आणि मी सांगूक नाय. घर चुकूक नाय, बाबा. तू घर बरा बांधलंस."